आनंदाची मोजणी आणि विश्वासाचा प्रश्न

देशाची प्रगती केवळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांनी मोजता येत नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे. मग ती मोजायची कशाने, या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस मात्र भूतान या आपल्या चिमुकल्या शेजाऱ्याने केले. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या 'सकल राष्ट्रीय आनंद' या कल्पनेला २००८च्या राज्यघटनेत स्थान मिळाले आणि त्यासाठी पोषक परिस्थिती निर्माण करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले.

या कल्पनेची थट्टा करणाऱ्यांनी तिची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. 'तुम्ही आनंदी आहात का?' एवढेच विचारून तेथील पाहणी थांबत नाही. आरोग्य, शिक्षण, राहणीमान, वेळेचा विनियोग अशा नऊ क्षेत्रांतील ३३ निर्देशक तपासले जातात. शेजाऱ्यांवरील विश्वास, सामाजिक कार्यासाठी दिलेला वेळ आणि पैसा, सरकारची कामगिरी, मूलभूत हक्क यांचाही त्यांत समावेश आहे. भारांशानुसार सुमारे दोन-तृतीयांश निर्देशकांत पुरेशी पातळी गाठणारी व्यक्ती आनंदी गणली जाते. अशांचे प्रमाण २०१०मध्ये ४०.९ टक्के होते. २०१५मध्ये ते ४३.४ आणि २०२२मध्ये ४८.१ टक्के झाले. पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया आणि शहरांच्या तुलनेत खेडी मागे आहेत, हेही याच पाहणीतून उघड झाले. उणीव नेमकी कोठे आहे हे दाखवणे, हा या मोजणीचा खरा उपयोग.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही आहे. निर्देशांक वाढत असतानाच भूतानमधील सुशिक्षित तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागले. त्याहून गंभीर प्रश्न दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांचा आहे. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी देश सोडावा लागलेल्या एक लाखाहून अधिक लोकांना पूर्व नेपाळमधील छावण्यांत आश्रय घ्यावा लागला. २००७नंतर त्यांतील बहुसंख्यांचे अमेरिकेसह अन्य देशांत पुनर्वसन झाले. हद्दीबाहेर गेलेल्यांचे दुःख कोणत्याच निर्देशांकात उमटत नाही. मागे राहिलेल्यांतील एकोपा मोजताना कोणाला वगळून तो साधला गेला, हे विचारलेच पाहिजे.

सरकारवरील विश्वासाचेही तसेच आहे. दारात आलेल्या पाहणीकर्त्याला दिलेले अनुकूल उत्तर समाधानातून आलेले असू शकते, तसेच भिडेतून किंवा भीतीतूनही. ते नि:संकोच देता यावे यासाठी मुक्त वृत्तपत्रे, निर्भय निवडणुका आणि स्वतंत्र पाहणी यंत्रणा लागते.

आपल्याकडे मध्य प्रदेशाने २०१६मध्ये 'आनंद विभाग' स्थापन केला. मात्र नवे खाते उघडल्याने लोक सुखी होत नाहीत. मोजणीत जे उणे दिसेल ते भरून काढण्याची तयारी आणि आपल्याविरुद्ध जाणारा आकडाही प्रसिद्ध करण्याचे धैर्य ज्या सरकारकडे असेल, त्यालाच जनतेचा विश्वास मागण्याचा अधिकार आहे.