टेकडी उतरल्यावर पाहुण्यांना काय दाखवायचे?

सिंहस्थ 2028 साली आहे, म्हणजे फार दूर नाही. उज्जैनचे महाकाल लोक 2022 च्या ऑक्टोबरात खुले झाले, तेव्हापासून इंदूर-उज्जैनकडची गर्दी बारमाही झाली आहे. तिचा एक फाटा आपल्या देवासलाही येतो. टेकडीवर तुळजाभवानीचे आणि चामुंडेचे दर्शन घेतो, प्रसादाची पिशवी गाडीत टाकतो आणि दोन तासांत निघून जातो. महाराष्ट्रातून आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना तरी आपण वेगळे काय दाखवतो? टेकडी, सकाळी पोहे-जिलेबी, आणि मग मांडूला रवानगी.

खरे तर या गावात पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे जास्त आहे. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये नांदली, हा किस्सा आपण हौसेने सांगतो. ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता, त्याने पुढे देवासवर पुस्तक लिहिले, हेही सांगतो. पण याच दरबाराच्या आश्रयाने उस्ताद रजब अली खाँ इथे गायले, हे आपल्या पुढच्या पिढीला ठाऊक आहे का?

आणि कुमारजी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कानडी मुलगा मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला आणि 1948 च्या सुरुवातीला क्षयाने खंगून, कोरड्या हवेसाठी देवासला आला. गाणे बंद, बोलणेही बेताचे. त्या वर्षांत अंथरुणावर पडून त्यांनी जे ऐकले ते आपलेच होते: बायकांची माळवी गाणी, फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजने. त्यांतूनच पुढे धुनउगम राग आले आणि माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम आला. त्यांची जन्मशताब्दी 2024 साली झाली. मुंबई-पुण्याचे रसिक तिकिटे काढून मैफलींना गेले. त्यांतल्या कितीजणांना देवासला यावेसे वाटले असेल? आणि आले असते, तर त्यांना वाट कोणी दाखवली असती? राष्ट्रीय कुमार गंधर्व सन्मानाचा सोहळा इथे होतो, तो चांगलाच. पण ते एक-दोन संध्याकाळींचे काम. ‘भानुकुल’ हे तर कुटुंबाचे राहते घर आहे, त्याचे दर्शनस्थळ करा असे कोणी सुचवू नये.

आमची नजर आहे ती त्या मुळाकडे, म्हणजे माळवी गाण्याकडे. ते अजून जिवंत आहे. आपल्याच जिल्ह्यातले कबीर गायक कालूराम बामनिया यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. शेजारच्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया यांना ती 2011 सालीच मिळाली होती. ‘एकलव्य’ संस्थेने 1990 च्या दशकात देवासला कबीर भजन व विचार मंच चालवला, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या तंबुरा, ढोलक घेऊन रात्र-रात्र गात. आपल्यातले किती लोक तिथे गेले होते? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर बोटांवर मोजण्याइतके. आपली संध्याकाळ नाट्यगीतांची आणि ती भजनांची, अशी भिंत आपणच घातली. कुमारजींनी ती कधी मानली नव्हती.

कला पाहुण्यांपुढे मांडली की ती बिघडते, असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. कोचीत रात्रभराची कथकळी तास-दीड तासात आटोपून दाखवतात. पाहुणे रंगभूषेचे फोटो काढतात आणि जेवायला जातात. पण त्याच केरळात चेरुतुरुत्तीला, वल्लथोळांनी 1930 साली काढलेल्या कलामंडलम्‌मध्ये, पाहुण्यांना शिकवणीचे वर्ग पाहता येतात. खास खेळ लावत नाहीत. गुरू नेहमीसारखे शिकवतात, पाहुणा गप्प बसून पाहतो. तंजावरजवळ तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेत शेकडो गायक कावेरीकाठी एकत्र बसून पंचरत्न कृती म्हणतात, येणारा त्यातच सामील होतो. दोन्हीकडे कला आपल्या जागी राहते आणि पाहुणा तिच्याकडे जातो. आपल्याला हेच जमण्यासारखे आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की महिन्यातून एक शनिवार समाजाचे सभागृह एखाद्या भजनी मंडळीला द्यावे. ध्वनिक्षेपक बेताचा, सूत्रसंचालन नको, सत्कार तर नकोच. अर्थ सांगायला माळवी आणि मराठी दोन्ही जाणणारा आपल्यातला एक माणूस पुरे. आणि मानधन आधी ठरवून, रोख द्यावे. शाल-श्रीफळावर बोळवण झालेला गायक बसभाडे खिशातून भरून घरी जातो, हे आपण स्वतःच्या कार्यक्रमांतही पाहिले आहे आणि तेव्हा गप्प बसलो आहोत.

खर्च तिकिटातून निघेल का? पहिले वर्षभर बहुधा नाही. गणेशोत्सवाच्या जेवणावळीतला एक गोड पदार्थ कमी केला तर निघेल, असा आमचा हिशेब आहे. यावर भांडण होणार, हे माहीत आहे. ते पुढच्या बैठकीत होऊ द्या. मात्र येताना ओळखीतल्या एका तरी मंडळीचे नाव आणि गाव लिहून आणा.