निरोपानंतरचे पालकत्व

बारावीनंतर मूल लातूरहून पुण्यास वा पुण्याहून दिल्लीस शिकावयास जाते, तेव्हा घर सुने होते. ही पोकळी भरण्यासाठी पालक दिवसातून चारदा दूरध्वनी करतात. जेवण, झोप, अभ्यास यांची विचारपूस करतात. त्यात माया असते, तसा अविश्वासही डोकावतो.

१९८९ साली देशाने मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षांवर आणले. ज्याच्या विवेकावर देश विश्वास टाकतो, त्याला महिन्याचा खर्चही स्वतः आखू न देणे विसंगत ठरते. पालकांनी ठरलेल्या वेळी निवांत बोलावे, उपदेशापेक्षा अधिक ऐकावे. मात्र मूल खचल्याचे जाणवताच, त्या वेळेची वाट न पाहता धाव घ्यावी. वियोगाचे दुःख स्वाभाविक आहे. पण मुलाला स्वावलंबी करणे हेच पालकत्वाचे साध्य होय.