मांजरपाटाचा कोट

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण अगदी साधं आहे, मी एक कोट शिवून घेत होते. हसू नका! सगळं मिळून दोन महिने लागले. तेवढ्यात आमच्या टीमचे चार रिलीज होतात.

तर झालं असं. फेब्रुवारीत माझं रजिस्टर लग्न होतं. आजीची पैठणी नेसायची हे मी कॉलेजात असल्यापासून ठरवलेलं. नऊवारी, नारळी काठाची, १९६२ सालची. डिसेंबरात कपाटातून काढली, घडी उलगडली आणि टर्रकन फाटली. एका जागी नाही, जवळजवळ प्रत्येक घडीवर. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या रेषेवर विरतं, हे मला तेव्हा कळलं. (तुमच्या घरी अशी साडी असेल तर आजच घडी बदला आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा. बाकीचं नंतर वाचा.) काठ आणि पदर मात्र शाबूत होते.

माझ्या डोक्यात लगेच आलं, काठ-पदर वापरून लांब कोट शिवू. आई म्हणाली, "आजीच्या लुगड्याला कात्री लावणार? त्यापेक्षा बोहारणीला दे की." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सिडकोत एक काकू कपडे शिवतात. पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक मोठं टेबल, बाहेर पाटीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मापं घेतलीच नाहीत. तासभर पैठणी टेबलावर पसरून, उलटीपालटी करून बघत बसल्या. पैठणीचा काठ-पदर असा विणलेला असतो की मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. कुठला भाग जोर सहन करेल आणि कुठला नाही, ते त्या बोटांनी चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "अंगाला हिमरू घे. ही पैठणी आता ओढाताण सोसायची नाही, तिला नुसतं मिरवू दे."

हिमरू म्हणजे आपल्या गावचंच कापड. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर इकडे आले असं सांगतात. ताणा सुती, बाणा रेशमी. निजामाच्या काळात याच्या शेरवान्या शिवल्या जायच्या. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे राहतात, म्हणून अस्तर हवंच. मी या शहरात वाढले, पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर, आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. असो.

मग विषय आला पैशांचा. साडेनऊ हजार फक्त शिलाई, निम्मे आगाऊ. मी जे तुम्ही म्हणाल तेच म्हणाले, "काकू, जरा कमी करा ना!"

त्या हसल्या. "शिवून फुकट देईन गं. पैसे कापायचे आहेत."

याचा अर्थ मला दोन आठवड्यांनी कळला. त्यांनी आधी अख्खा कोट मांजरपाटात शिवला. होय, तेच ते जाडंभरडं, पिशव्यांचं कापड! तो माझ्या अंगावर चढवून टाचण्या लावल्या, खडूने रेघा मारल्या. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली आहे (लॅपटॉपच्या बॅगेची कृपा असावी). आयुष्यभर रेडीमेड कपडा एका बाजूने ओढला जायचा आणि मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. काकूंनी तो खांदा बघितला, काही न बोलता खडूने एक रेघ ओढली आणि विषय संपला. मांजरपाट दोनदा उसवला. चुका व्हायच्या त्या तिथेच झाल्या, कारण पैठणीवर कात्री एकदाच चालते. तिथे अनडू नाही.

आता सांगायचा मुद्दा. आपण शिलाईची तुलना रेडीमेडशी करतो आणि तिथेच घोळ होतो. कंपनी एक कटिंग बसवते आणि त्यावर हजारो नग काढते. तो खर्च नगामागे चिल्लर होऊन जातो. काकू बसवतात ते कटिंग एका माणसासाठी, एकदाच. सगळा खर्च त्या एका कपड्यावर. तयार सॉफ्टवेअर आणि खास एका क्लायंटसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर यांच्या किमतीत इतका फरक का, हे आपण क्लायंटला तासभर समजावू शकतो. पण शिवणाऱ्या बाईच्या दारात गेलो की हे गणित विसरतो. आपण अ‍ॅनालिसिसचे तास बिलात लावतो आणि तिची मापं, ट्रायल, उसवणं सगळं फुकट धरतो. पॅरिसमध्ये मापाने शिवलेल्या उंची कपड्यांचं 'ओत कुत्यूर' हे नाव १९४५ पासून कायद्याने राखलेलं आहे, कुणीही उठून ते लावू शकत नाही. आपल्याकडे त्याच कामाला 'नुसती शिलाई' म्हणतात. माझ्या अंदाजाने काकूंचे साठ तास तरी गेले असतील. म्हणजे तासाला दीडशेच्या आसपास. करा तुमच्या रेटशी तुलना.

आणि क्लायंट म्हणून मी कशी होते? रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचे, "काकू, असा गळा जमेल का?" मांजरपाट पास झाल्यावर म्हणायचं, चार इंच लांब करा. ज्या क्लायंटच्या नावाने मी रोज कॅन्टीनमध्ये बोटं मोडते, हुबेहूब तीच! काकूंनी स्पष्ट सांगितलं, "काठ तेवढा नाही. होणार नाही." माझ्या मॅनेजरला हे एकदा तरी म्हणता यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दुसरी बाजूही आहे, मान्य. साडेनऊ हजार ही थोडी रक्कम नाही, आणि रोजच्या कुर्त्यासाठी हे कुणी करू नये. शिवणारेही सगळे असे नसतात. एकीने माझा ड्रेस कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दिला होता, तोही आखूड. म्हणून दया म्हणून जास्त पैसे द्या असं मी म्हणतच नाही. व्यवहार करा. तारीख आणि बजेट पहिल्या दिवशी सांगा, आगाऊ द्या, ट्रायलला वेळेवर जा, पास केल्यावर बदल मागू नका. आणि मग चांगलं काम हक्काने मागा. घासाघीस करून तारीखही पाळायला लावणं, हे दोन्ही एकदम होत नाही.

कापायच्या दिवशी काकूंनी आईला घेऊन यायला सांगितलं. आई आली, घुश्शातच. काकू म्हणाल्या, "पदराला मी कात्री लावणार नाही. अख्खा पाठीवर बसवते, हाताच्या टाक्यांनी. उद्या कुणाला वाटलं तर टाके काढून परत पदर होईल." आईने न सांगता पदराचं दुसरं टोक धरलं. काठ कापून झाले तेव्हा तिने उरलेली कात्रणं मागून घेतली. ती आता देवघराच्या खणात आहेत.

लग्नाच्या दिवशी आईने मला वळायला लावलं आणि आधी पाठ बघितली. काही बोलली नाही. पण संध्याकाळी तिने स्वतःच्या सगळ्या साड्या काढल्या आणि घड्या बदलल्या.

तुम्ही बदलल्या का?