भेंडवळचे भाकीत आणि पुराव्याची वाट

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. गावाबाहेरच्या शेतात अठरा धान्यांचे वर्तुळ मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, शिवाय पापड, करंजी, कुरडई, पानविडा असा सरंजाम असतो. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्याचे वारस त्यात झालेले बदल पाहून पाऊस, पीक, रोगराई आणि ‘राजा’ यांचे भविष्य सांगतात. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भाकितांवर वेळोवेळी आक्षेप घेतले. तरी पुढल्या वर्षी शेतकऱ्यांची गर्दी असतेच. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आम्हांला ते निदान उथळ वाटते.

साहित्याचे अध्यापक म्हणून आमचे लक्ष आधी भाषेकडे जाते. ‘जूनमध्ये कमी, जुलैत सर्वसाधारण, कुठे कमी कुठे जास्त’ या विधानाला खोटे पाडणार कसे? ‘सर्वसाधारण’ म्हणजे किती मिलिमीटर, ‘कुठे’ म्हणजे कोणते मंडळ, हे संहितेत नाहीच. रिकाम्या जागा वाचक भरतो, आणि तो पावसाळा उलटल्यावर भरतो. पुराव्याने आघात करावा असा कठीण पृष्ठभागच येथे नसतो.

दुसरे कारण मनाच्या घडणीत आहे. 1960 मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यांमागचा नियम शोधायला सांगितले. नियम केवळ चढत्या क्रमाचा होता. बहुतेकांनी मात्र आपल्या मनातल्या नियमाला दुजोरा देणारीच उदाहरणे पुढे केली; तो मोडेल असे उदाहरण क्वचितच कोणी तपासले. जुळलेले भाकीत पारावर वर्षानुवर्षे सांगितले जाते, चुकलेले मोजायला कोणी बसत नाही.

तिसरे कारण गरजेचे. हवामान खात्याचा हंगामी अंदाज देशाच्या किंवा विभागाच्या सरासरीत बोलतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न आपल्या शिवाराचा असतो: सोयाबीन केव्हा पेरावे, दुबार पेरणीचा खर्च टळेल काय? तेथे शास्त्र अदबीने थांबते आणि भेंडवळ बोलते. ते उत्तर खरे नसेल, पण ते त्याच्या बोलीत येते. मात्र त्याच्या भरवशावर बियाणे मातीत गेले, तर कर्ज घटावर चढत नाही, सातबाऱ्यावर चढते.

मग पुरावा मांडणे व्यर्थ आहे काय? विरोधी पुराव्याने माणूस अधिकच हट्टाला पेटतो, असे सुशिक्षित वर्तुळात सर्रास म्हटले जाते. 2010 मधील नायहन आणि राइफ्लर यांच्या अभ्यासाने त्या समजुतीला बळ दिले. पुढे वुड आणि पोर्टर यांनी कितीतरी अधिक लोकांवर प्रयोग केले, तेव्हा तो परिणाम जवळजवळ आढळलाच नाही. वस्तुस्थिती कळल्यावर लोक बहुधा तिच्याकडे सरकतात. तरीही ‘पटवून उपयोग नाही’ हे आपण म्हणतच राहतो. निराधार समजूत केवळ शेताच्या बांधावर नांदत नाही, ती स्टाफरूममध्येही नांदते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी याच परिसरात, खामगाव आणि जळगाव जामोदला, वकिली केली. त्यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये रूढींवर प्रहार आहे, पण सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या स्वतःही त्या हास्यातून सुटत नाहीत. उपहास करणाऱ्याने ही अट पाळली पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. येथील महाविद्यालयांनी दरवर्षीचे भाकीत शब्दशः नोंदवावे. कोणता शब्द कोणत्या आकड्याला खरा धरायचा, हे पावसाळ्यापूर्वीच गावकऱ्यांसह ठरवावे. दिवाळीनंतर ती वही तहसीलच्या पर्जन्यनोंदीशेजारी ठेवून गावातच वाचावी. चुकीचा अर्थ आधी ठरलेला असेल, तर चूक लपायला जागा उरत नाही. आणि ती शोधणाऱ्यांत गावकरीही असतील, तर ती कुणाचा अपमानही ठरणार नाही.