मतभेदाची ढाल
तज्ज्ञांतील मतभेद ही सरकारला नेहमीच सोयीची ढाल वाटत आली आहे. पश्चिम घाटाचेच पाहा. २०११ साली गाडगीळ समितीने सारा घाट संवेदनशील मानला. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीने त्यातील सुमारे ३७ टक्केच भाग त्या सदरात घातला. किती राखावयाचे, हा वाद खरा. पण अतिसंवेदनशील भागात नव्या खाणी नकोत, याविषयी दोघांचे एकमतच होते! जेवढे निर्विवाद, तेवढे तरी आधी कायम करा, असे उभयतांनी एकमुखाने बजावावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. तसे झाले नाही. केंद्राने २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे मसुदेच काढले सहा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडात डोंगर कोसळला. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी.