विश्लेषण : नियम एकच, मग डोपिंगची शिक्षा वेगवेगळी का?

टेनिसपटू यानिक सिनर मार्च २०२४ मध्ये दोन चाचण्यांत दोषी आढळला. त्याच्यावर बंदी आली तीन महिन्यांची. सिमोना हालेपला मात्र सुरुवातीला चार वर्षांची शिक्षा झाली. असे का?

नियम काय सांगतो?

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजेच ‘वाडा’च्या संहितेनुसार शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच. नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला की नियमभंग झालाच. तो मुद्दाम घेतला की चुकून, हा प्रश्न शिक्षा ठरवताना येतो. स्टेरॉइडसाठी साधारणपणे चार वर्षांची बंदी असते आणि हेतू नव्हता हे खेळाडूला सिद्ध करावे लागते. औषधांतून चुकून पोटात जाण्याची शक्यता अधिक असलेल्या पदार्थांसाठी दोन वर्षे. तिथे हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी यंत्रणेवर असते.

पृथ्वी शॉचे काय झाले?

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. ते खोकल्याच्या औषधातून आल्याचे त्याचे स्पष्टीकरण बीसीसीआयने मान्य केले आणि आठ महिन्यांची बंदी घातली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, बीसीसीआयने ‘नाडा’च्या कक्षेत येण्यास संमती दिली.

सिनर आणि हालेप यांच्यात फरक काय?

सिनरच्या फिजिओने स्वतःच्या बोटाच्या जखमेवर क्लोस्टेबोल असलेला स्प्रे वापरला होता. मालिश करताना ते सिनरच्या शरीरात गेले, हे स्वतंत्र लवादाला पटले. ‘वाडा’ने त्याविरुद्ध अपील केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांवर तडजोड झाली. त्या काळात एकही ग्रँड स्लॅम स्पर्धा नव्हती.

हालेपच्या नमुन्यात २०२२ च्या अमेरिकन ओपनमध्ये रॉक्साडुस्टॅट सापडले. ते दूषित सप्लिमेंटमधून आले असावे, हे क्रीडा लवादाने मार्च २०२४ मध्ये मानले आणि बंदी नऊ महिन्यांवर आणली. तोपर्यंत ती जवळपास १७ महिने कोर्टाबाहेर होती.

खरा प्रश्न कोणता?

पदार्थ कुठून आला हे दाखवता आले, तर शिक्षा घटते. पण त्यासाठी वकील, तज्ज्ञ आणि प्रयोगशाळेतील तपासण्या लागतात. अव्वल टेनिसपटूला हा खर्च झेपतो. दुकानातून प्रोटीनचा डबा घेणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या कुस्तीगिराला तो कसा झेपणार? नियम सर्वांना सारखा असला, तरी बचावाची ताकद सारखी नसते. म्हणून अशा खेळाडूसाठी खरा बचाव चाचणीच्या आधीच करावा लागतो : औषध घेण्यापूर्वी आपण खेळाडू आहोत हे डॉक्टरांना सांगणे, बंदी असलेल्या पदार्थांची यादी तपासणे आणि असे औषध घेणे अटळच असेल, तर उपचारांसाठीची सवलत रीतसर मागणे.