सागरतळीचे गोठलेले इंधन : अंदाज आणि वास्तव

भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा वायू परदेशातून आणावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर द्रवरूप नैसर्गिक वायूचे भाव जगभर भडकले, तेव्हा या परावलंबित्वाची झळ खतनिर्मितीपासून वीजनिर्मितीपर्यंत अनेक क्षेत्रांना बसली. असे संकट आले की देशाच्या सागरी हद्दीत, समुद्रतळाखाली गोठून राहिलेल्या मिथेनची चर्चा नव्याने सुरू होते. या चर्चेत १,८९४ लाख कोटी घनमीटर हा आकडा हमखास उद्धृत केला जातो. देशाचा वर्षाचा वायूवापर ६० ते ७० अब्ज घनमीटरांच्या घरात आहे. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने हा साठा पंचवीस हजार वर्षांहून अधिक काळ पुरावा! मात्र सागरी भूवैज्ञानिकांनी गेल्या तीन दशकांत प्रत्यक्ष समुद्रतळावर केलेले संशोधन या आकड्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्यास भाग पाडते.

मिथेन हायड्रेट हा बर्फासारखा दिसणारा घन पदार्थ आहे. पाण्याच्या रेणूंनी बनलेल्या सूक्ष्म पिंजऱ्यांत मिथेनचे रेणू अडकून तो तयार होतो. त्यासाठी कमी तापमान आणि मोठा दाब आवश्यक असतो. ही स्थिती ध्रुवीय प्रदेशांतील कायम गोठलेल्या जमिनीत आणि खोल समुद्रातील गाळात आढळते. एक घनमीटर हायड्रेट वितळल्यास त्यातून सुमारे १६४ घनमीटर वायू बाहेर पडतो. या पदार्थाचे आकर्षण यातच आहे आणि त्याविषयीची भीतीही यातूनच निर्माण झाली आहे.

भारतीय शास्त्रज्ञांसमोर हे दोन्ही प्रश्न आरंभापासूनच होते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. एम. करिसिद्दय्या आणि एम. वीरय्या यांनी १९९४ मध्ये पूर्व अरबी समुद्राच्या उथळ गाळातील मिथेनविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि हा वायू हरितगृह परिणामाचा संभाव्य स्रोत असल्याकडे लक्ष वेधले. पुढे १९९७ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रम हाती घेतला. हायड्रोकार्बन महासंचालनालय, ओएनजीसी यांसारख्या संस्थांबरोबरच गोवा, हैदराबाद आणि चेन्नई येथील राष्ट्रीय संशोधन संस्था त्यात सहभागी झाल्या.

समुद्रतळाखालील हायड्रेट प्रथम ध्वनिलहरींच्या साहाय्याने शोधले जाते. जहाजावरून सोडलेल्या लहरी गाळाच्या थरांवरून परावर्तित होतात. हायड्रेटच्या थराखाली मुक्त वायू असेल, तर समुद्रतळाला समांतर अशी एक ठळक रेषा नोंदीत उमटते. ही रेषा केवळ संकेत आहे, पुरावा नव्हे. २००६ मध्ये ‘जॉयडिस रिझोल्यूशन’ या जहाजावरून ११३ दिवसांच्या मोहिमेत भारतीय समुद्रात २१ ठिकाणी खोदकाम झाले, तेव्हा याचा प्रत्यय आला. पश्चिमेकडील केरळ-कोकण खोऱ्यात निवडलेल्या जागी हायड्रेट मिळाले नाही. उलट आंध्र किनाऱ्याजवळील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एका ठिकाणी सुमारे १२८ मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर आढळला.

तथापि हा थर चिकणमातीचा होता आणि हायड्रेट तिच्या भेगांत पसरलेले होते. अशा मातीतून वायू वाहून विहिरीपर्यंत येणे अत्यंत कठीण असते. वाळूच्या सच्छिद्र थरांतून मात्र तो तुलनेने सहज मिळू शकतो. म्हणून २०१५ मधील दुसऱ्या मोहिमेत ‘चिक्यू’ या जपानी जहाजावरून पूर्व किनाऱ्यावर वाळूच्या थरांचा शोध घेण्यात आला आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यात असे हायड्रेटसमृद्ध थर मिळालेही. परंतु केवळ वाळूच्या थरांचा विचार करणाऱ्या एका अंदाजानुसार भारताच्या वाट्याला सुमारे २६ लाख कोटी घनमीटर वायू येतो. मूळ आकड्याच्या तुलनेत हे प्रमाण सत्तरपटीने कमी आहे. शिवाय हाही जागेवर असलेला वायू होय. त्यातील किती बाहेर काढता येईल, हा प्रश्न वेगळाच राहतो.

त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणत्याही देशाकडे नाही. जपानने मार्च २०१३ मध्ये जगातील पहिली सागरी उत्पादन चाचणी घेतली. सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर वायू मिळाला आणि विहिरीत वाळू शिरल्याने काम थांबवावे लागले. चीनने २०२० मध्ये दक्षिण चीन समुद्रात तीस दिवसांत ८ लाख ६१ हजार घनमीटर वायू मिळवला. ही कामगिरी लक्षणीय असली, तरी त्याची दैनंदिन सरासरी २९ हजार घनमीटरही भरत नाही. भारताची एका दिवसाची गरज मात्र १६ कोटी घनमीटरांहून अधिक आहे. दाब कमी करून हायड्रेट वितळवताना आसपासचा गाळ थंड होतो, पाणी उपसावे लागते आणि सुटा झालेला गाळ विहिरीत येतो. व्यापारी उत्पादन आजवर कुठेही सुरू झालेले नाही, याचे कारण या अडचणींत आहे.

दुसरीकडे, तापमानवाढीमुळे हायड्रेट एकाएकी वितळून वातावरणात मिथेनचा स्फोट होईल, ही भीतीही तपासून पाहावी लागेल. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक मानली जाते. त्यामुळे ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. परंतु अमेरिकेतील कॅरोलिन रुपेल आणि जॉन केसलर यांनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष मांडला, की हायड्रेटमधून सुटलेला मिथेन आज वातावरणात मोठ्या प्रमाणावर पोहोचत असल्याचा पुरावा नाही. खोल समुद्रातील गाळापर्यंत उष्णता पोहोचण्यास दीर्घकाळ लागतो. वर येणारा बराचसा मिथेन गाळातील सूक्ष्मजीव फस्त करतात आणि खोल पाण्यात सुटलेला वायू पृष्ठभागावर येण्यापूर्वीच विरघळून जातो.

समुद्रतळ हे काम कसे करतो, याचे दर्शन आपल्याच समुद्रात घडले आहे. गोव्याच्या संस्थेतील अनिंद्य मजुमदार आणि सहकाऱ्यांनी ‘सिंधू साधना’ या जहाजावरील संशोधनाच्या आधारे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात सुमारे पावणेदोन हजार मीटर खोलीवर मिथेन झिरपणारी जिवंत जागा शोधली. २०१९ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. तेथे समुद्रतळाखाली अगदी थोड्या अंतरावर हायड्रेट आहे आणि सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या त्या अंधारात शिंपले व नळीकृमी यांची वसाहत झिरपणाऱ्या रसायनांवर जगते. म्हणजे ज्या खोऱ्याकडे आपण ऊर्जेसाठी पाहत आहोत, तेच एका दुर्मिळ जीवसृष्टीचे घर आहे.

हा शोध लागला, त्याच सुमारास धोरणाची पावलेही पुढे पडली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अपारंपरिक इंधनांच्या उत्खननासाठी धोरण मंजूर केले आणि त्यात वायू हायड्रेटचाही समावेश आहे. मात्र चाचणी विहीर खोदली जाण्यापूर्वी एक काम पूर्ण होणे आवश्यक आहे. कृष्णा आणि गोदावरी नद्यांनी आणलेल्या प्रचंड गाळामुळे या खोऱ्याचा उतार भ्रंशांनी भरलेला आहे आणि पूर्वी तेथे दरडी घसरल्याच्या खुणाही आहेत. निसर्गतः किती मिथेन झिरपतो, कोठे झिरपतो, पाण्यातील प्राणवायूवर त्याचा काय परिणाम होतो आणि उतार किती स्थिर आहे, याची अनेक वर्षांची नोंद हाती नसेल, तर चाचणीनंतर झालेला बदल विहिरीमुळे झाला की निसर्गतः, हे कोणालाही सांगता येणार नाही. एकदा विहीर सुरू झाली की ही नोंद मागाहून मिळवता येत नाही.

भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. कोळशाच्या तुलनेत वायू स्वच्छ असला, तरी तो जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड निर्माण होतोच. आजच्या वेगाने हायड्रेटपासून इंधन मिळण्यास जितका काळ लागेल, तितका या उद्दिष्टासाठी उरलेला अवधी कमी होत जाईल. म्हणूनच १,८९४ लाख कोटींच्या आकड्यावर विसंबून ऊर्जा धोरण आखणे जसे योग्य ठरणार नाही, तसेच काल्पनिक स्फोटाच्या भीतीने संशोधन थांबवणेही योग्य नाही. हायड्रेटचे इंधन कधी हाती येवो वा न येवो, समुद्रतळाच्या अभ्यासासाठी जहाजे, उपकरणे आणि मनुष्यबळ यांवर केलेला खर्च वाया जाणार नाही. उत्खननाचा निर्णय घेण्यापूर्वी या अभ्यासाला पुरेसा वेळ दिला जाईल, अशी अपेक्षा आहे.